अंघोळीनंतरचं तेल

मागच्या फोनवर तुम्ही दोघं हसत होतात, की आजी अजून विचारते, "अंग ओलं असतानाच तेल लावलंत ना?" तुमच्याकडे लोशनं मिळतात, ती लावा, माझी काही हरकत नाही. पण लावायची ती अंघोळीनंतर लगेच, ओल्या अंगावर. टॉवेलने खसाखसा पुसून, कपडे घालून, नाश्ता करून मग आठवलं म्हणून लावू नका. ही शिस्त माझ्या मनात कशी बसली ते एकदा नीट लिहून ठेवते. त्या गोष्टीत तुमच्यातली थोरली आहे, पण तेव्हा ती जेमतेम सव्वा महिन्याची होती, त्यामुळे तिची साक्ष काढून उपयोग नाही.

आम्ही तेव्हा माळव्यात, महाकालाच्या गावी, माधव नगरात राहत होतो. तुमचे आजोबा बँकेत होते, मी मुलींच्या इंग्रजी शाळेत शास्त्र शिकवत होते, आणि घरातला शेवटचा शब्द माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे तुमच्या पणजोबांचा. मी त्यांना मामंजी म्हणायची. ऐंशी कधीच ओलांडली होती, पण पाठ सरळ. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून त्यांनी सगळी नोकरी माळव्यात काढली होती. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी रस्त्यात कुठे भिंत चढताना दिसली की ते थांबत आणि गवंड्याला दोन गोष्टी सुनावूनच पुढे जात. त्यांचं सोवळं कडक होतं. न्हावी येऊन गेला की अंघोळ, रेल्वेतून उतरले की अंघोळ, नुसतं जवळच्या फ्रीगंज बाजारात जाऊन विजेचं बिल भरून आले तरी अंघोळ. तुमचे आजोबा म्हणायचे, आपल्या घरात सगळ्यात जास्त काम बंबाला आहे.

त्या हिवाळ्यात तुमची आई बाळंतपणासाठी माहेरी आली होती. थोरली झाली ती पौषातल्या अगदी कडाक्याच्या थंडीत. मामंजींना इतका आनंद झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता. आपल्याकडे पणतवंड झालं की पणजोबांना पाटावर बसवतात, पणतवंड त्यांच्या मांडीवर देतात आणि दोघांवर सोन्याची बारीक फुलं उधळतात. पणतवंड मांडीवर घेतलेल्या माणसाला स्वर्गाची वाट मोकळी होते, असं म्हणतात. बारशाच्या दिवशीच हे करायचं ठरलं, आणि जावईबापूंना रजा सव्वा महिन्यानंतर मिळणार होती म्हणून बारसंही तेव्हाच. आमच्या गुरुजींनी जरा कुरकुर केली. ही फुलं पणतूसाठी असतात, तोही मुलाच्या मुलाचा मुलगा असावा लागतो. इथे तर नातीची मुलगी आहे. मामंजींनी त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या पोथीत पणतू असेल, गुरुजी. माझ्या मांडीवर पणती बसणार आहे." मग सासूबाईंच्या मागे राहिलेली कानातली कुडी घेऊन ते स्वतः सराफ्यात गेले आणि तिची फुलं करायला टाकून आले. आल्यावर अर्थातच अंघोळ.

आणि नेमकं तेव्हाच त्यांचं अंग खाजायला लागलं.

सुरुवात नडग्यांपासून झाली, मग हात, मग पाठ. कातडी पांढुरकी, खरखरीत, नदी आटल्यावर काठचा गाळ तडकतो तशी बारीक भेगाळलेली. आम्ही विचारलं तर म्हणायचे, मला काही झालेलं नाही, यंदा हवाच कोरडी आहे. हे बोलताना एक हात पाठीमागे काम करत असायचा.

तुमच्या आईने त्यांना खाजवताना पाहिलं आणि तिच्या मनात एकच शब्द आला, खरूज. तिचंही चूक नव्हतं. पहिलटकरीण, दहा-बारा दिवसांचं मूल, उशाशी बाळसंगोपनाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक. तिने मला सांगितलं की आजोबांची खाज थांबेपर्यंत बाळाला त्यांचा हात लागता कामा नये. हे त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी शक्य तितकं गोड करून सांगितलं. ते फक्त "बरोबर आहे तिचं" म्हणाले आणि त्या दिवसापासून बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसायला लागले. महाकालाला गर्दीच्या दिवशी लांबूनच दर्शन मिळतं, तसं माझं चाललंय, असं म्हणून स्वतःच हसायचे. पण बाळ रडलं की त्यांचे हात आपोआप पुढे व्हायचे आणि पुन्हा मांडीवर यायचे. ते बघवत नसे.

आता इथे त्यांची ओव्हरसियरची बुद्धी आड आली. खाज म्हणजे मळ, मळ म्हणजे साबण, असा त्यांनी हिशेब मांडला. त्याच सुमारास फ्रीगंजच्या दुकानांचं रूप पालटलं होतं. आधी दोन-तीन साबण मिळायचे, तेही दुकानदार देईल तो. आता काचेच्या कपाटात रंगीबेरंगी वड्यांची रांग, प्रत्येकीवर जंतू मारण्याची हमी. केबलवर तर दिवसभर कुणी ना कुणी फेसात बुडून हसतच असायचं. मामंजींनी भिंगाखाली सगळी वेष्टणं वाचली आणि सिमेंट निवडावं तसा त्यातला सगळ्यात जहाल साबण निवडला. मग सकाळ-संध्याकाळ कढत पाणी, तो साबण, आणि वर टाचा घासायची वजरी. होय, वजरी, अंगाला. बाळाला घ्यायचं तर अंग निर्मळ पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. दुपारी फार खाज सुटली तर मध्ये आणखी एक अंघोळ. ते जितके स्वच्छ होत गेले तितके जास्त खाजवत गेले. चादरीवर रक्ताचे ठिपके दिसायला लागले, तेव्हा मी रिक्षा बोलावली.

फ्रीगंजला कातडीच्या एक नवीन डॉक्टर बसायला लागल्या होत्या. तिशीच्या असतील, इंदूरहून शिकून आलेल्या. मामंजींचा प्रश्न असा, की इतकी लहान मुलगी मला काय सांगणार. डॉक्टरांनी त्यांच्या बोटांच्या बेचक्या, मनगटं, पोट, सगळं भिंगातून पाहिलं, आणि मग तपासणी सोडून त्यांच्या अंघोळीची चौकशी सुरू केली. पाणी किती गरम, साबण कोणता, किती वेळा. मामंजी अभिमानाने सांगत गेले. वजरीचं ऐकल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"दादाजी, नौकरी में क्या करते थे आप?"

"ओव्हरसियर था. दीवारें बनवाता था."

"फिर तो आप मुझसे अच्छा समझेंगे," असं म्हणून त्यांनी चिठ्ठीच्या मागे एक भिंत काढली.

त्यांनी जे सांगितलं ते मी तुम्हाला मराठीत आणि थोडं माझ्या शास्त्राच्या तासासारखं सांगते. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे चपट्या, वाळलेल्या पेशींची भिंत. पेशी म्हणजे विटा. दोन विटांच्या मध्ये जो चुना भरलेला असतो तो स्निग्ध पदार्थांचा असतो. त्यात सिरॅमाइड असतात, कोलेस्टेरॉल असतं, आणखी काही मेदाम्लं असतात. तो चुना कातडी स्वतःच तयार करते, पेशी वर वर सरकताना. आतलं पाणी बाहेर जाऊ न देणं आणि बाहेरची घाण आत येऊ न देणं, ही दोन्ही कामं त्याची. याशिवाय कातडीतल्या बारीक ग्रंथी एक तेल बाहेर सोडतात. ते तेल म्हणजे भिंत नव्हे, भिंतीवर दिलेला रंगाचा हात. त्याने कातडी मऊ राहते, त्यातली काही आम्लं जंतूंना फार माजू देत नाहीत. म्हातारपणी या ग्रंथींचं काम मंदावतं आणि चुनाही पूर्वीइतक्या झपाट्याने भरला जात नाही. हिवाळ्याची हवा उरलंसुरलं पाणी ओढून घेते.

साबणाला मात्र मळाचं तेल कोणतं आणि आपलं तेल कोणतं हे कळत नाही. तो सगळंच उचलतो. आधी वरचा हात जातो, मग विटांमधला चुना. कढत पाणी त्याच्या मदतीला असतंच. चुना गेला की आतलं पाणी उडून जातं, कातडी आक्रसते, तडकते आणि खाजते. खाजवलं की आणखी विटा सुटतात. त्या फटींतून साबण आत शिरतो आणि आणखी चुणचुणतं, मग माणूस पुन्हा अंघोळीला पळतो.

मामंजींनी त्या चित्रातल्या विटांवरून बोट फिरवलं. विटांच्या सांध्यांना गवंडी दर्जा म्हणतात, आणि त्यांत चुना दाबून भरण्याला दर्जा भरणं. ते मराठीतच, स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, "म्हणजे मी रोज वजरीने दर्जा उकरत होतो." डॉक्टरांना शब्द कळला नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरून अर्थ पोचला असावा.

ही छूत की बीमारी नाही, बाळाला काही धोका नाही, हे डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं. औषध म्हणून एक मलम दिलं, पण मुख्य उपाय साधा होता. दिवसातून एकच अंघोळ, पाणी कोमट, साबण फक्त काखेत आणि जिथे खरंच लागेल तिथे. आणि अंघोळीहून निघाल्यावर, अंग ओलसर असतानाच खोबरेल. वरून लावलेलं तेल काही विटांमधला चुना होत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं. ते फक्त वरून झाकतं, पाणी उडू देत नाही, तेवढ्यात कातडी आपली आपण डागडुजी करून घेते. मामंजींनी लगेच मान डोलावली. नव्या बांधकामावर पाणी मारून वर ओली पोती टाकतात, इकडे त्याला तराई म्हणतात. ती नीट केली नाही तर उत्तम चुनाही भुसभुशीत होतो. आधी पाणी, मग झाकण. हा क्रम त्यांना सांगायला नको होता.

असं मला वाटलं.

घरी आल्यावर जहाल साबण भांडीवालीकडे गेला, वजरी टाचांकडे परतली, बंबाची आच कमी झाली. खोबरेलाची बाटली थंडीने गोठायची, ती मी रोज सकाळी गच्चीवर उन्हात ठेवायची आणि मामंजी ती वेळेवर खाली न्यायचे. बाटली रिकामी होत होती, पण मामंजी खाजवायचे थांबत नव्हते. बारसं जवळ येत चाललं. सोनाराकडून फुलं आली, चिमुकली, पाकळ्या असलेली, पिंपळपानाच्या आकाराच्या डबीत ठेवलेली. तुमच्या आईने मला विचारलं, डॉक्टर म्हणाल्या असतील संसर्गाचं नाही, पण मग बरं का होत नाही?

उत्तर बाथरूमच्या दारातून मिळालं. एका सकाळी मामंजी आत गेले तेव्हा त्यांचं अंग तेलाने चकचकत होतं, आणि बाहेर आले तेव्हा कोरडं ठणठणीत. ते तेल अंघोळीच्या आधी लावत होते. लावायचे, चोळायचे, आणि मग धुऊन काढायचे, दिवाळीच्या पहाटे करतात तसं.

मी विचारलं तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या बाजूने अगदी बिनचूक होतं. आपल्यात तेल लावायचं ते न्हाण्याआधी. न्हाऊन झाल्यावर अंगाला तेल फासून बसतो तो एकतर पहिलवान नाहीतर ज्याच्या घरी काही अशुभ घडलंय तो. तेलकट अंगाने देवाला हात लावायचा नाही, आणि पूजा तर अंघोळीनंतर लगेचच करायची. त्या मुलीला काय माहीत आपलं सोवळं? म्हणून त्यांनी डॉक्टरांचं सगळं सामान वापरलं होतं, फक्त क्रम बदलला होता. साठ-एक वर्षं एकही दिवस न चुकलेली पूजा एका बाजूला, पणती दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये खोबरेलाची बाटली.

तुमचे आजोबा मला म्हणाले, आतुराला नियम नसतो, शास्त्रच म्हणतं, आजारी माणसाला सगळं माफ आहे, मग अडलंय कुठे? ते मला माहीत होतं. अडलं होतं ते आजारी शब्दापाशी. हवा कोरडी आहे, मला काही झालेलं नाही, असं ते पहिल्या दिवसापासून म्हणत आले होते. ते स्वतः म्हणेपर्यंत त्यांना आतुर ठरवणार कोण? मी तरी ठरवलं नाही. जेवताना फक्त एवढं म्हटलं, की बारशाला आठवडा राहिलाय, पाट कुठला घ्यायचा ते सांगून ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून हाक आली. दार किलकिलं, आतून एक ओला हात बाहेर.

"सूनबाई, बाटली दे."

मी दिली. बऱ्याच वेळाने ते पंचा गुंडाळून बाहेर आले, डोक्यापासून पायापर्यंत तेलाने माखलेले, आणि देवघराच्या बाहेरच, उंबऱ्यापासून हातभर लांब, थांबले.

"आजपासून पूजा तू कर," ते म्हणाले. "मी आतुर आहे."

एवढंच. मग आरामखुर्चीत बसून त्यांनी मला पूजा सांगायला सुरुवात केली. मी देव उंचीप्रमाणे, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने मांडले, कारण मला तेच नीटनेटकं वाटलं. ते म्हणाले, "ही तुझ्या वर्गातली पोरं नाहीत, बाळकृष्णाला मागच्या बाकावर काय पाठवतेस." पुढचे काही दिवस पूजेला माझा वेळ दुप्पट लागला आणि शाळेत मी रोज धावत पोचले.

फरक तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कळायला लागला. नडग्यांवरचा पांढुरका पापुद्रा बसला, रात्री खाजवण्याचा आवाज बंद झाला. तुमच्या आईला मी हे सांगत होते, ती ऐकतही होती, पण पुस्तक मिटून ठेवायला धजत नव्हती. मामंजी उंबऱ्याबाहेरच्या खुर्चीवरच होते.

एका दुपारी ती बाळाचा लंगोट बदलून हात धुऊन आली. ती दिवसातून कितीदा हात धुवायची याला मोजदाद नव्हती. जावईबापूंनी मुंबईहून पाठवलेला, बाटलीतून दाबून काढायचा तो नवा पातळ साबण तिच्या खोलीतच असायचा. हात पुसताना तिने तोंड वेडंवाकडं केलं. मामंजींनी ते पाहिलं.

"बेटा, हात दाखव जरा."

"काही नाही आजोबा, थंडीने झालंय."

"मीही हेच म्हणत होतो. दाखव."

तिने उंबऱ्याशी येऊन हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर लाल भेगा, एकीतून रक्त डोकावत होतं. मामंजींनी चष्मा वर केला, भिंत तपासावी तसे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले.

"तुझ्याही दर्जा उकरल्यात," ते म्हणाले. "ये, बस."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. ती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली, आणि त्यांनी आपल्या तळहातावर तेल ओतून तिच्या एकेका बोटाला ते हळूहळू लावलं. आधी पाणी, मग झाकण, कोरड्या हाताला लावू नकोस, असं पुन्हा पुन्हा सांगत होते. ती मान डोलवत होती आणि नाक ओढत होती. मग ती उठली, आत गेली, पाळण्यातून बाळ उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. ते इतके गडबडले की खुर्चीतून उठायला निघाले. "बसा, आजोबा, पडाल दोघं," ती म्हणाली. थोरली झोपेत होती. तिने फक्त ओठ हलवले.

बारशाच्या दिवशी मामंजी रेशमी सोवळं नेसून पाटावर बसले. सकाळची अंघोळ आणि त्यानंतरचं तेल, दोन्ही वेळेवर झालं होतं. गुरुजींनी तेल पाहिलं आणि सरळ पोथी उघडली. मामंजींनी त्यांना आधीच बजावलं असावं. थोरलीला मांडीवर दिलं, बायकांनी ओवाळलं, तुमच्या आजोबांनी फुलं उधळली. एरवी ही फुलं डोक्यावरून घरंगळून ताम्हनात पडतात. मामंजींच्या टकलावरून आणि खांद्यांवरून एकही घरंगळेना. जिथे पडली तिथे चिकटली, आणि ते सोनेरी ठिपके अंगावर घेऊन अगदी गंभीर चेहऱ्याने बसून राहिले. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या.

तेवढ्यात थोरलीने त्यांचं सोवळं भिजवलं.

घरात एकालाही शंका नव्हती की ते आता उठणार, बंब पेटवायला सांगणार आणि जेवणं तासभर लांबणार. मी अंघोळीच्या खोलीकडे निघालेही होते. मामंजींनी खाली वाकून पाहिलं, तिचं दुपटं सारखं केलं, आणि तिला जरा वर, छातीशी घेतलं.

"पानं मांडा," ते म्हणाले. "मी असाच बसतो."